जुना ट्रॅक्टर पारखताना

खान्देशात जुना ट्रॅक्टर घ्यायला आलेला माणूस बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो आणि तिथेच मनातल्या मनात सौदा ठरवून टाकतो. मोठा खर्च मात्र सीटच्या खाली आणि मागे असतो. इंजिन थकले तर लायनर-पिस्टन बदलून ‘हाफ इंजिन’ करून देणारा मिस्तरी तालुक्याच्या गावी मिळतो. क्लच-गिअरबॉक्सच्या कामाला ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो, आणि बंद पडलेल्या मॉडेलचा क्राऊन-पिनियन हवा असेल तर भंगार बाजार धुंडाळण्यावाचून गत्यंतर नसते. इथल्या कामांनी झिजतो तोही मागचाच भाग. पऱ्हाट्या उपटल्यावर उन्हाने टणक झालेली काळी जमीन पलटी नांगराने फोडायची, रावेर-यावलच्या केळीची किंवा जिनिंगला निघालेल्या कापसाची ट्रॉली ओढायची, ही कामे लिफ्ट, क्लच आणि ब्रेक खातात.

त्यामुळे मॉडेल कोणते, हा पहिला प्रश्न. टॅफेचा मॅसी १०३५ असो की महिंद्राचा बी-२७५, त्यांचे भाग अजून चालू बाजारातले आहेत. बी-२७५ हा १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा, आणि त्याचा वारसा महिंद्राच्या पुढच्या मॉडेलांत बराच काळ टिकला. पंजाब ट्रॅक्टर्सचा १९७४ पासूनचा स्वराजही भागांच्या बाबतीत फारसा अडत नाही. एचएमटीची गोष्ट वेगळी. झेक झेटरच्या सहकार्याने १९७१ मध्ये पिंजोरला २५११ सुरू झाला. यंत्र चिवट, डिझेलला काटकसरी. पण कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. असा ट्रॅक्टर हौसेने जरूर घ्यावा. रोजच्या कमाईसाठी घेणाऱ्याने आधी भागांची सोय पाहावी.

इंजिन थंड असतानाच पाहायचे. विकणाऱ्याने गिऱ्हाईक येण्याआधी ते तापवून ठेवले आहे का, हे सायलेन्सरला हात लावताच समजते. ट्रॅक्टर मुद्दाम उतारावर उभा असेल तर सेल्फ किंवा बॅटरीत खोट असण्याचा संभव असतो. सुरू होताना क्षणभर धूर येणारच. तापल्यावरही निळा धूर राहिला तर ऑइल जळते आहे. काळा धूर हटत नसेल तर नोझल, पंप किंवा तुंबलेला एअर क्लीनर. ब्रीदरमधून धुराचे लोट निघत असतील तर रिंगा आणि लायनर गेलेले असतात. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे. जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून तापण्याची परीक्षा भर दुपारी, नांगर लावूनच घ्यावी. जुन्या एअर-कूल्ड आयशरला रेडिएटरच नसतो. त्याच्या सिलिंडरच्या पाकळ्यांत भुसा-धूळ साचली आहे का, ते बोटाने चाचपावे.

आता मागचा भाग. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन चालूच ठेवावे. दर थोड्या वेळाने नांगर खाली सरकून हिसक्यासरशी पुन्हा वर येत असेल तर आतून तेल गळते आहे. इंजिन बंद केल्यावर नांगर हळूहळू बसणे जुन्या यंत्रात समजण्यासारखे आहे. दोन-चार मिनिटांत जमिनीला टेकला तर मात्र खोलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. हायड्रॉलिकचे तेलही काढून पाहावे. ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर राहतो आणि गिअरच्या दांड्याचे रबर फाटले की पाणी थेट आत जाते. ही अगदी क्षुल्लक वस्तू, पण आतली बेअरिंगे तिच्यापायी गंजतात.

क्लचसाठी ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये पेडल सोडावे. इंजिन बंद पडले पाहिजे. चालतच राहिले तर प्लेट घसरते आहे. दुहेरी क्लच असेल तर अर्ध्या पेडलवर गाडी थांबून पीटीओ फिरत राहतो, हेही तपासावे, नाहीतर रोटाव्हेटर मालकाला रडवतो. उतारावर अॅक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप निसटला तर दात किंवा फोर्क झिजलेला असतो.

अवरमीटरवर भिस्त ठेवू नये. त्याची केबल काढून ठेवणे मुळीच अवघड नाही. मागचे टायर अधिक खरे बोलतात. पट्ट्या मधोमध घासून गुळगुळीत झाल्या असतील तर ट्रॅक्टर शेतापेक्षा डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढण्यात अधिक राबलेला आहे. अशा वेळी हुक, मागच्या एक्सलचे हाउसिंग आणि पुढचा एक्सल इथे वेल्डिंगच्या खुणा शोधाव्यात. ताजा रंग बहुधा तिथेच मारलेला असतो. पुढचे चाक जॅकवर उचलून हलवले की किंगपिन आणि बुशची ढिलाई हाताला लागते.

कागद शेवटी पाहिले तरी चालतील, पण पैसे मोजण्याआधी. चेसिस व इंजिन नंबर आरसीशी जुळवून घ्यावेत. १९८९ पूर्वीच्या तीन अक्षरी नंबरचा ट्रॅक्टर असेल तर संगणकावर त्याची नोंद चढली आहे का, हे आरटीओत विचारावे. बँकेचा बोजा फॉर्म ३५ ने उतरतो. कर्ज फिटले तरी आरसीवर तो तसाच राहिलेला असू शकतो. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३० लागतात. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. बऱ्हाणपूर-सेंधव्याकडून आलेल्या ट्रॅक्टरला तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला हवाच. गिरणा-तापीच्या वाळूच्या अवैध वाहतुकीत गाडी पकडली जाऊन दंड थकला आहे का, याची चौकशी तहसील कचेरीत करावी. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. सौद्यात ती धरली असेल तर तिचे कागद स्वतंत्र मागून घ्यावेत.