वारा पाठीशी, भोक वरती

गावच्या आडात टीसीएल पावडर पडली की दोन दिवस पाण्याला एक ओळखीचा दर्प यायचा. आजी त्याला ‘औषधाचं पाणी’ म्हणायची आणि त्याचा चहा करायची नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई ओटी टेस्टची छोटी बाटली घेऊन दारात यायचा, नळीतल्या पाण्यात थेंब टाकायचा, पाणी पिवळं झालं की वहीत खूण करायचा. पिवळं म्हणजे क्लोरीन आहे. क्लोरीन आहे म्हणजे हगवण नाही.

तोच क्लोरीन शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत, कागदाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत पावडरीतून न येता द्रवरूपात येतो. ज्या पोलादी पिंपातून तो येतो, त्याला या धंद्यातले सगळे ‘टनर’ म्हणतात. साधारण सात फूट लांब, अडीच फूट व्यासाचं, पिवळं रंगवलेलं हे नळकांडं. त्यात ९०० किलो क्लोरीन मावतो आणि भरलेला टनर दीड टनाच्या पुढे जातो. तो नेहमी आडवा ठेवतात. एका तोंडाला दोन व्हॉल्व्ह असतात. दोन्ही व्हॉल्व्ह एका उभ्या रेषेत येतील असा टनर ठेवला, की वरच्यातून वायू मिळतो आणि खालच्यातून द्रव. टनरचा स्वभाव एवढ्यात आला. पुढचं सगळं, म्हणजे त्याची गळती आणि त्या गळतीचा इलाजसुद्धा, या वर-खालीतूनच निघतं.

क्लोरीन उणे ३४ अंशांना उकळतो. आपल्या हवेत त्याला द्रव राहायचं असेल, तर कुणीतरी दाबून धरावं लागतं, आणि टनरचं पोलाद ते काम करतं. उन्हाळ्यात आतला दाब बाहेरच्या हवेच्या आठ-नऊ पट असतो. एक लिटर द्रव सुटला, की त्याचा साडेचारशे लिटरच्या आसपास वायू होतो. हा वायू हवेच्या अडीच पट जड, म्हणून धुरासारखा वर जात नाही. गटारात उतरतो, खड्ड्यात साचतो, तळघरात शिरतो. दहा लाख भागांत दहा भाग एवढं प्रमाणसुद्धा जिवाला आणि फुफ्फुसाला तात्काळ धोक्याचं मानतात. नाकाला तो त्याच्या कितीतरी आधी कळतो, ही त्याची एकुलती एक भलाई. विषारी वायूंच्या जमातीत हा त्यातल्या त्यात प्रामाणिक, सांगून येणारा.

म्हणून गळतीचं प्रशिक्षण पान्यापासून सुरू होत नाही, वाऱ्यापासून होतं. कारखान्याच्या उंच जागी कापडी विंडसॉक फडकत असतो. एरवी त्याच्याकडे ढुंकूनही कुणी बघत नाही, पण सायरन वाजला की पहिली नजर तिकडेच जायला हवी. गळतीकडे जाणारा माणूस वारा पाठीशी घेऊन जातो. पळणारा वाऱ्याला आडवा पळतो आणि जमेल तितका चढाकडे. न शिकलेला माणूस जीव घेऊन पळताना मात्र वायूच्याच दिशेने, वाऱ्याबरोबर धावतो. पाठीवर वारा असला की पळणं सोपं वाटतं ना! या वायूचं आणि वाऱ्याचं नातं सगळ्यात आधी हेरलं ते युद्धाने. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने ५,७३० सिलिंडरांचे व्हॉल्व्ह उघडले. त्याआधी फ्रिट्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली ते सिलिंडर खंदकांत पुरून सैन्य कित्येक दिवस नुसतं योग्य वाऱ्याची वाट बघत बसलं होतं. गळती थांबवणारेही आज वाऱ्याचाच अदमास घेतात, पण उलट्या हेतूने.

वारा पाठीशी घेऊन, श्वासाच्या हवेचा बी.ए. सेट पाठीवर चढवून दोघं टनरपाशी पोचले (एकट्याने जायचं नाही, हा नियम), की पुढची चाल अगदी साधी. टनर फिरवायचा. भोक खालच्या अंगाला असेल तर त्यातून द्रव सांडतो, आणि प्रत्येक लिटरमागे ते साडेचारशे लिटर हवेत येतात. तेच भोक वर आलं की द्रव आत राहतो, बाहेर फक्त वायू निघतो. भोक तेवढंच, पण बाहेर पडणारं विष कितीतरी पटींनी घटतं. टनर रुळांवर किंवा रोलरवर ठेवतात तो याचसाठी, की दीड टनाचं धूड दोन माणसांना पहारीने गोल फिरवता यावं. या सगळ्या विद्येतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. यात रसायन नाही की यंत्र नाही. कलती घागर सरळ करणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे न सांगता कळलं असतं.

उलट न सांगता चुकतं ते पाण्याबाबत. आग असो, वायू असो, पाणी मारायचं हा आपल्या हाडीमाशी खिळलेला हुकूम. गळत्या टनरवर मात्र पाणी मारणं म्हणजे भोक मोठं करणं. कोरडा क्लोरीन पोलादाला सहसा त्रास देत नाही, म्हणून तर तो पोलादात भरतात. ओलावा लागला की त्याचं आम्ल होतं आणि ते आम्ल भोकाच्या कडा खाऊ लागतं. शिवाय वायू सुटत असताना आतला द्रव स्वतःच गार होत जातो, टनरवर दव आणि बर्फ धरतं, दाब उतरतो, गळती आपसूक मंदावते. त्या गारठलेल्या टनरवर पाणी ओतणं म्हणजे चुलीत लाकूड सारणं. पाण्याचा फवारा लांबून, पसरत चाललेल्या ढगाला अडवायला वापरतात. टनरला पाणी लावायचं नाही.

मग येते पेटी. क्लोरीनच्या आणीबाणीसाठीचे संच अमेरिकेतल्या क्लोरीन इन्स्टिट्यूटने ठरवून दिले आणि जगात पुष्कळ ठिकाणी तेच चालतात: लहान सिलिंडरसाठी ‘ए’, टनरसाठी ‘बी’, रेल्वे वाघिणी आणि टँकरसाठी ‘सी’. किट ‘बी’ची पेटी उघडली, की पहिल्यांदा थोडी निराशाच होते. लोखंडी टोप्या, आकडे, साखळी, पाने, गॅस्केट, हातोडा. सायकल दुरुस्तीच्या दुकानात शोभेल असा ऐवज. पण यातली प्रत्येक वस्तू टनरच्या एकेका दुखण्यासाठी घडवलेली आहे.

गळती नेमकी कुठे आहे हे आधी शोधायचं. त्यासाठी अमोनियाची बाटली. तिची वाफ सांध्याजवळ नेली, की क्लोरीनशी गाठ पडून पांढराशुभ्र धूर उठतो, उदबत्तीसारखा. अमोनियाचा द्रव मात्र पितळेला लागू द्यायचा नाही, नुसती वाफ दाखवायची. पुष्कळदा दुखणं व्हॉल्व्हच्या दांड्याशी निघतं. ग्लँडचा नट पाव फेरा आवळला, की पांढरा धूर थांबतो आणि पेटी न वापरताच परत जाते. नाही थांबला, तर हूड. ही एक जाड लोखंडी टोपी, अख्ख्या व्हॉल्व्हवर पालथी घालायची. खाली गॅस्केट, वरून टनरच्या काठाला पकडणारा योक, मधला स्क्रू आवळत न्यायचा. टोपीच्या माथ्यावर स्वतःची एक छोटी तोटी असते. टोपी बसवताना ती उघडी ठेवतात, नाहीतर खालून येणारा वायू टोपीला बसूच देत नाही. सगळं घट्ट झालं की तोटी बंद. दोन्ही टोकांना मिळून सहा फ्यूजिबल प्लग असतात. टनरला आच लागून साधारण ७० अंशांच्या वर तापमान गेलं, तर टनर फुटण्याऐवजी हे वितळावेत, अशी योजना. त्यांच्यासाठी वेगळी टोपी. अंगालाच भोक पडलं असेल तर पट्टी आणि तिला कवळून बांधायची साखळी.

कागदावर हे दहा मिनिटांचं काम. बी.ए. सेटचा मास्क घामाने धुकटलेला, जाड हातमोज्यांत बोटं बोथटलेली, नळीतल्या हवेचा हिशेब पाठीमागे टिकटिकत असलेला, अशा अवस्थेत योकचा आकडा काठाला लावायला किती वेळ लागतो, हे पुन्हा पुन्हा करूनच कळतं. म्हणून रिकाम्या टनरवर सराव करतात. चांगले प्रशिक्षक अंधारातही करून घेतात.

बंद न होणारी गळती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात नाहीतर चुन्याच्या गढूळ कालवणात सोडतात. ९०० किलो क्लोरीन पचवायला टनाहून थोडं अधिक कॉस्टिक लागतं, आणि हिशेबापेक्षा जास्तच ठेवावं.

आता शिवडीकडे. १४ जुलै २०१० च्या पहाटे मुंबई बंदराच्या शिवडीतल्या हाजी बंदर भागात, धोकादायक मालाच्या गोदामात एक गंजका सिलिंडर गळू लागला. साधारण ६५० किलोचा. शेजारच्या शैक्षणिक संस्थेतले विद्यार्थी, बंदराचे कामगार आणि धावून गेलेले अग्निशमन जवान धरून शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. योग्य मास्क पुरेसे नव्हते, हेही नंतर अभ्यासकांनी नोंदवलं. अग्निशमन दलाची खास गाडी आणि एनडीआरएफचे जवान यांनी ती गळती आटोक्यात आणली. पण मला राहून राहून आठवतो तो पुढचा आकडा. तिथे असे १४१ सिलिंडर होते आणि १९९७ पासून पडून होते. क्लोरीनच्या सिलिंडरची दर दोन वर्षांनी तपासणी व्हावी लागते. बंदराच्या खाऱ्या, दमट हवेत तेरा पावसाळे. इतक्या वर्षांत त्यांना हात लावायची पाळी कुणावरच आली नाही. किट ‘बी’च्या पेटीत यावर टोपी नाही.

या सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचं, पेसोचं, मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. रसायनी-पाताळगंगा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांनी परस्पर मदतीचे गट बांधले आहेत. इंग्रजी आद्याक्षरांनी त्यांचं नाव ‘मार्ग’ झालं आहे, आणि मराठीत ते उगाचच शोभून दिसतं. एकाकडे कॉस्टिक, दुसऱ्याकडे बी.ए. सेट, तिसऱ्याकडे किट; रात्री दोनला फोन केला तर कोण काय घेऊन निघणार, हे आधी ठरलेलं.

माणसांचा इलाज मात्र पेटीत मावत नाही. मोकळ्या हवेत आणायचं, बसतं ठेवायचं, चालवायचं नाही, बोलतं करायचं नाही, ऑक्सिजन द्यायचा. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी निघालेल्यालाही काही तास नजरेखाली ठेवावं लागतं, कारण फुफ्फुसात पाणी उशिरा भरू शकतं.

कधीकधी शहाणपण पेटीपर्यंत जाऊच देत नाही. १९७९ च्या नोव्हेंबरात कॅनडातल्या मिसिसॉगा शहरात क्लोरीनची वाघीण असलेली मालगाडी रुळांवरून घसरली. दोन लाखांहून अधिक लोकांना घराबाहेर काढलं, आणि एकही माणूस दगावला नाही. अमेरिकेच्या राजधानीतल्या ब्लू प्लेन्स या सांडपाणी प्रकल्पाने २००१ च्या हल्ल्यांनंतर थोड्याच आठवड्यांत क्लोरीनच्या वाघिणी हद्दपार करून सोडियम हायपोक्लोराइट आणलं. ते महाग पडतं, नासतं, जास्त जागा खातं. गळलं तर मात्र गावाला पळावं लागत नाही. आपल्याकडेही हा बदल होतो आहे, पण तो निविदेच्या चालीने.

तोवर रस्त्यावर पिवळे टनर दिसत राहतात. परतीच्या गाडीला ड्रायव्हर ‘खाली गाडी’, म्हणजे रिकामी गाडी, म्हणतो. खाली टनरमध्येही थोडा क्लोरीन उरलेलाच असतो, म्हणून त्याचेही दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून, टोप्या चढवून, पाचर लावूनच तो गाडीवर घेतात. धाब्यावर गाडी लावताना ती माणसांच्या कुठल्या अंगाला लावायची, हे विचारलं तर जुना ड्रायव्हर आधी समोरच्या झाडाच्या शेंड्याकडे बघतो.