आमच्या घरची पद्मिनी

मोटार ही चैनीची वस्तू की गरजेची, ह्या प्रश्नावर आमच्या घरी १९८६ सालच्या उन्हाळ्यात तीन रात्री वाद झाला. वाईच्या आमच्या वाड्यात त्या वेळी लहानमोठी अकरा माणसे होती. तीर्थरूप, मातोश्री व आत्याबाई ही तीन वडीलधारी, दादा, वहिनी व त्यांची तीन मुले, आम्ही उभयता, आणि नुकताच बँकेत लागलेला धाकटा भाऊ. मिळकत एकत्र होती, खर्चही एकत्र होता आणि हिशेबाची वही आमच्याकडे असे. तेव्हा मोटार घ्यावयाची ती कोणा एकाची नव्हे, सर्वांची, एवढे पहिल्याच रात्री ठरले. राहिला प्रश्न कोणती घ्यावी हा.

त्या काळी मध्यम प्रतीच्या कुटुंबास परवडतील अशा मोटारी हिंदुस्थानात मोजक्याच होत्या. बंगालमधील उत्तरपाडा येथे होणारी अँबॅसिडर ऐसपैस खरी; पण दादा म्हणत की ती सरकारी साहेबांस शोभावी. डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेली मारुती ७९६ घनसेंटिमीटरची, चार माणसांची. अकरांच्या घरात ती आणणे म्हणजे सात जणांस रुसविणे. अखेर निर्णय तीर्थरूपांनी दिला आणि तो सुतळीच्या आधारे दिला. त्यांनी वाड्याच्या दिंडी दरवाज्याची रुंदी सुतळीने मोजली आणि तीच सुतळी घेऊन गणपतीच्या देवळापाशी उभ्या असलेल्या मोटारींस लावून पाहिली. अँबॅसिडर आमच्या दरवाज्यास थोडी जड जात होती. पद्मिनी दोन्ही अंगांस चार बोटे राखून आत येत होती. वादाचा निकाल तेथेच लागला.

ह्या मोटारीचे कुळ सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. सोलापुरास जन्मलेले वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या मोटारी जुळविल्या जात. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी करार होऊन ११०० ह्या जातीच्या मोटारी निघू लागल्या. त्यांतील जुन्या, फुगीर नाकाच्या गाडीस आपल्या लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेविले, ते वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल. १९६४ साली ११०० डी हा सडसडीत घाट आला. तीच गाडी काही काळ ‘प्रेसिडेंट’ म्हणविली गेली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार नळकांड्यांचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे. नाव चितोडच्या राणीवरून दिलेले. पण संस्कृतात पद्मिनी म्हणजे कमळाची वेल किंवा कमळांनी भरलेले तळे, आणि नायिकांच्या चार जातींत पद्मिनी ही पहिली व हस्तिनी ही शेवटची. आमच्या गाडीची पेट्रोलची तहान पाहून तीर्थरूप तिला दुसऱ्याच नावाने हाक मारीत, हे येथे ओघाने आले म्हणून सांगितले.

नवी गाडी घेण्याचे सामर्थ्य आमच्यात नव्हते. पुण्याच्या एका डॉक्टरांनी वापरलेली १९७९ सालची, पांढऱ्या रंगाची गाडी ₹३६,००० ला मिळाली. तिघा भावांनी भविष्यनिर्वाह निधीतून व बचतीतून जमेल तसे घातले आणि आत्याबाईंनी, कोणी न मागता, आपल्या दोन पाटल्या पुढे केल्या. त्या घेण्याची वेळ आली नाही. पण मोटारीत पुढची खिडकीशेजारची जागा त्यांची, हा ठराव त्या दिवशी झाला व त्यांच्या अखेरपर्यंत पाळला गेला.

पुढची बैठक ही ह्या गाडीची खरी थोरवी. गियरचा दांडा जमिनीतून न निघता चक्राच्या दांड्यास जोडलेला असल्याने पुढे सलग बाक असे आणि त्यावर चालविणाऱ्याखेरीज दोघे सुखाने बसत. मागे चार मोठी माणसे, त्यांच्या मांडीवर मुले. आजच्या कायद्याने व आजच्या शहाणपणानेही हे न करण्याजोगे आहे, हे आम्ही जाणतो. पण तेव्हा पट्टेही नव्हते आणि वेगही नव्हता. डिकीत वळकट्या, फराळाचे डबे, पाण्याची कळशी आणि गाडीसाठी म्हणून निराळा पाण्याचा डबा. एका लिटरला आम्हांस मोकळ्या रस्त्यावर बारा किलोमीटर व घाटात नऊ मिळत. एवढ्या माणसांचे एस.टी.चे तिकीट व टांग्याचे भाडे जमेस धरिले तर खर्च फार वाटत नसे; न धरिला तर पुष्कळ वाटे. धरावयाचे की नाही हा आमचा आणि दादांचा कायमचा वादाचा विषय होता.

पसरणीचा घाट मात्र परीक्षा पाही. वाईपासून पाचगणीपर्यंत सुमारे ६०० मीटरची चढण. वैशाखात दुपारी भरल्या गाडीने हा घाट चढताना अर्ध्या वाटेवर इंजिन आचके देऊन बंद पडे. कार्बोरेटरच्या त्या काळच्या पुष्कळ गाड्यांची हीच कथा होती. इंजिनाच्या धगीने पंपात व नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पंप द्रव ओढावयास केलेला असल्याने वाफेपुढे हतबल होतो. उपाय सोपा. बोनेट उघडावे, पंपावर ओले फडके टाकावे आणि पंधरा मिनिटे दरीची शोभा पाहावी. आमच्या मुलांस घाटातील प्रत्येक वळणाची झाडे तोंडपाठ झाली ती ह्या फडक्यामुळे. पुढे आम्ही पहाटे निघू लागलो आणि तक्रार उरली नाही. थंडीत मात्र उलट त्रास. चोक ओढून धरावयाचा, किती ओढावयाचा हे केवळ सवयीने कळावयाचे. जास्त झाला की प्लग भिजले, आणि मग आळीतील मुलांस गोळा करून ढकलण्याचा कार्यक्रम.

गाडी जपण्याचे काम दादांचे, पैसे देण्याचे आमचे. ही वाटणी वरवर पाहता चांगली. पण तिच्यातच एक काटा होता आणि त्याबद्दल आजवर आम्ही घरातही उघड बोललो नाही.

१९९१ च्या ज्येष्ठात आमच्या मिस्त्रींनी डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून दादांस दाखविली. तीत केसाएवढी चीर पडली होती. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटून देणारा भाग. त्याच्या टोपीस चीर असली की दमट हवेत वीज त्या चिरेतून वाट काढते, ठिणगी प्लगपर्यंत पोहोचत नाही व गाडी बंद पडते. पावसाळ्यापूर्वी टोपी बदला, असे त्यांचे म्हणणे. किंमत ₹८५. त्या महिन्यात दादांनी दोन टायर घेतले होते व आमच्या मते विचारल्यावाचून घेतले होते. आम्ही वहीवर बोट ठेवून म्हटले, “दादा, ह्या महिन्यात आता गाडीच्या खात्यावर एक पैसाही नाही. श्रावणात पाहू.” दादा एवढेच म्हणाले, “बरे. वही तुझ्याकडे आहे.”

आषाढात धाकट्या भावजयीस आठवा महिना होता. एका रात्री तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, हातापायांवर सूज चढली. वाईच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि क्षणाचाही विलंब न करता साताऱ्यास न्या म्हणून सांगितले. अंतर पस्तीस किलोमीटर. रात्रीचे साडेअकरा, पाऊस धो धो. दादा चक्रावर, शेजारी आम्ही कंदिलासारखी बॅटरी घेऊन; मागे भावजय वहिनींच्या मांडीवर डोके ठेवून, आणि पायाशी भाऊ. पाचवडचा फाटा मागे टाकून महामार्गास लागलो आणि समोरून गेलेल्या मालमोटारीने पाण्याचा लोट बोनेटवर उडविला. इंजिन दोनदा खोकले व थांबले.

दादांनी काही विचारले नाही. काय झाले ते त्यांस ठाऊक होते आणि आम्हांसही ठाऊक होते. छत्री आमच्या हाती देऊन त्यांनी बोनेट उघडले, टोपीचे दोन चाप सोडविले, अंगावरच्या उपरण्याचे कोरडे टोक शोधून ती आतून पुसली. लावली, गाडी सुरू होईना. पुन्हा काढली. चिरेत वीज जळून काळी रेघ उमटली होती. ती त्यांनी खिशातील चाकूने खरवडून काढिली, टोपी थोडा वेळ गरम इंजिनावर ठेवून वाळविली आणि वहिनींनी दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बसविली. ह्या सर्वांस वीस मिनिटे लागली. त्या वीस मिनिटांत दोन मालमोटारी न थांबता गेल्या. मागून वहिनींचा आवाज येत होता, “डोळे मिटू नकोस गं, माझ्याशी बोल.” भाऊ एक शब्द बोलला नाही. आमच्या हातातील बॅटरीचा झोत स्थिर राहत नव्हता म्हणून दादांनी एकदा तेवढे म्हटले, “नीट धर.”

गाडी सुरू झाली. साताऱ्यास पोहोचताच शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली, दिवस पुरे न भरलेली, ओंजळीएवढी. भावजय अठरा दिवस रुग्णालयात होती. दोघीही वाचल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आले नसते. हे वाक्य त्यांनी सहज म्हटले असेल. ज्यास लागावयाचे त्यास लागले.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरी येऊन वही उघडली. गाडीच्या खात्यावर आमच्या अक्षराखाली दादांच्या अक्षरात एक ओळ होती: ‘डिस्ट्रिब्यूटरची टोपी, ₹८५.’ साताऱ्याचे दुकान उघडताच त्यांनी ती सकाळी घेतली होती. त्या विषयावर त्यांनी पुढे कधीही चकार शब्द काढिला नाही. आम्ही मात्र गाडीच्या खर्चावर बोट ठेवण्याचे सोडून दिले. वही आजही आमच्याकडेच आहे.

पुढील वर्षांची हकीकत थोडक्यात. फेब्रुवारी २००० मध्ये शिशाचे पेट्रोल देशात बंद झाले. जुन्या इंजिनांचे आता कसे होणार ह्याची गॅरेजांत पुष्कळ चर्चा झाली, आमच्या गाडीस काही फरक दिसला नाही. त्याच सुमारास कुर्ल्यास पद्मिनी होणेही थांबले. २००४ साली आमच्या घरची वाटणी झाली. भांडण नव्हते, मुलांच्या नोकऱ्या पुण्यामुंबईस, वाडा मोठा, तेव्हा रीतीप्रमाणे झाले. भांडी, दागिने, शेत ह्यांच्या याद्या झाल्या. गाडी कोणाच्याच यादीत आली नाही. धाकट्या भावाने कागदावर लिहिले, ‘मोटार वाड्याकडे.’ वकिलांनी ह्यास कायद्यात अर्थ नाही म्हणून सांगितले, तरी ती ओळ तशीच राहिली.

मुंबईत ह्याच जातीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी एका काळी रस्तोरस्ती होत्या. टॅक्सीस २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे त्यांतील शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. घरगुती गाडीस तसे नाही; पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. २०१९ साली ह्यास ₹६०० फी होती, २०२४ साली ₹५,००० झाली. हरित कर निराळा. तेव्हा घरात पुन्हा वाद झाला. दादा सत्त्याहत्तरीकडे झुकलेले, मोतीबिंदूमुळे चक्र सोडून चार वर्षे झालेली. आमची मुले म्हणाली की भंगारात द्यावी. आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते, कारण पायाखालचा पत्रा गंजून एका ठिकाणी रस्ता दिसू लागला होता.

ती आषाढातील मुलगी आता पुण्यात अभियंता आहे. तिने स्वतः एक नवी, मध्यम आकाराची मोटार घेतली आहे. तीत चोक नाही, टोपी नाही, ठिणगी वाटण्याचे काम गणकयंत्र करिते. भर वैशाखात पसरणीचा घाट ती न थांबता चढते आणि लिटरला अठरा किलोमीटर देते. मात्र एकदा दिवा लागून ती बंद पडली तेव्हा आमचे मिस्त्री बोनेट उघडून हात जोडून उभे राहिले; गाडी ओढून पुण्यास न्यावी लागली. वादाच्या वेळी ही पुतणी म्हणाली, “काका, एवढी जुनी गाडी ठेवायची कशाला? कोणी बसत तरी का तीत?” दादांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही वही उघडून ₹५,००० गाडीच्या खात्यावर मांडले.

पत्रा बदलून घेतला. पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांवर गेल्यामुळे जुन्या रबराच्या नळ्या फुगतात असे मिस्त्रींनी सांगितले. त्या सर्व बदलल्या, पंपातील पडदाही बदलला. डिस्ट्रिब्यूटरची एक जादा टोपी डिकीत फडक्यात गुंडाळून ठेविलेली असते. रविवारी सकाळी दादा पुढच्या बाकावर आत्याबाईंच्या जागी बसतात आणि आम्ही कृष्णेच्या घाटापर्यंत गाडी नेऊन आणतो. हा अंक पुतणीच्या घरीही जातो.