ढग विमानाला भीत नाही, विमानच ढगाला भिते

सोयाबीन चार पानांवर आलेले असते आणि पावसाने दडी मारलेली असते. एखाद्या दुपारी आभाळ भरून येते, जीव सुखावतो. तेवढ्यात वरून एक विमान पांढरा पट्टा ओढत निघून जाते आणि तासाभरात आभाळ मोकळे होते. मग पारावर कोणीतरी म्हणतोच, "इमानानं ढग पळवले!"

शेतकरी बंधूंनो, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. खरे-खोटे कोणाला विचारावे? अर्थात विमान चालवणाऱ्यालाच. पण तो भेटणार कुठे? २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेत हैदराबाद-नांदेड विमान सुरू झाले. तेव्हा आपल्याकडचे कित्येक जण पहिल्यांदा विमानात बसले. पण पायलट असतो बंद दाराआड. त्याची आणि आपली बोलाचाली म्हणजे लाऊडस्पीकरवरची दोन वाक्ये : पट्टे बांधून घ्या, पुढे हवामान खराब आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या दोन वाक्यांतच आहे. नीट उलगडून पाहू.

पायलट वाट का बदलतो?

विमानाच्या नाकात एक रडार बसवलेले असते. पुढच्या ढगात पाणी किती आहे, हे ते पायलटला रंगांत दाखवते. हिरवा म्हणजे हलका पाऊस, पिवळा म्हणजे जास्त, लाल म्हणजे धोका. लाल दिसला की पायलट कंट्रोलची परवानगी घेऊन विमान वळवतो. गडगडाटी ढगापासून ३०-४० किलोमीटर लांबून जायचे, हा त्याचा नेम.

त्याचेही कारण आहे. मोठे विमान साधारण १०-११ किलोमीटर उंचीवरून जाते. आपल्याकडचा वळवाचा ढग कधी कधी १५ किलोमीटरपर्यंत चढतो. त्याच्या पोटात वारा उभा वर-खाली धावतो, गारा असतात, वीज असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात उभी ज्वारी आणि गहू झोपवणारी गारपीट आपण विसरलेलो नाही. ती असल्याच ढगांतून पडली. अशा ढगात शिरायची कोणत्याही पायलटची छाती नसते.

आता वजन पाहा. आभाळात दिसणारा साधा कापशी ढग, लांबी-रुंदी-उंचीला एकेक किलोमीटर धरला, तरी त्यात पाचशे टनांच्या आसपास पाणी असते. म्हणजे दहा टनी ट्रक पन्नास! २०१७ मध्ये नांदेडला येऊ लागलेले एटीआर विमान भरलेले असले तरी २३ टनांच्या आतले. ते ढगाला कसे हाकलणार?

पांढरा पट्टा कशाचा?

इंधन जळले की वाफ होते. दहा किलोमीटर उंचीवर थंडी शून्याखाली चाळीस अंशांच्याही पुढची. तिथे ती वाफ जागीच गोठते. थंडीत सकाळी आपल्या तोंडातून वाफ दिसते, तसलाच हा प्रकार. तो पट्टा औषधाचा नव्हे, बर्फाचा. आभाळ मोकळे होते ते खालून ओलावा तुटतो म्हणून किंवा वरचा वारा ढग पुढे नेतो म्हणून. रास उपणताना वाऱ्याची दिशा पाहणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

ढगाजवळ जाणारे विमान

एक विमान मात्र मुद्दाम ढगाजवळ जाते, ते कृत्रिम पावसाचे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, अशी विमाने उडाली. पंखाला लावलेल्या नळकांड्या ढगाच्या बुडाशी, वर चढणाऱ्या वाऱ्यात पेटवायच्या आणि मिठासारखे बारीक कण ढगात सोडायचे, हे त्यांचे काम. पण ढगच नसेल तर पायलट रिकामा परततो. ढग तयार करणे त्याच्या हातात नाही. विमाने उडाली तरी तो दुष्काळ टळला नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर भागात प्रयोग केले. पेरलेल्या ढगांच्या वाऱ्याखालच्या सुमारे १०० चौरस किलोमीटर भागात पाऊस १८ टक्क्यांच्या आसपास वाढला, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे योग्य ढग असेल तर चार थेंब जास्त. कोरड्या आभाळातून मात्र काहीच नाही.

मग आपण काय करायचे?

पहिली गोष्ट जिवाची. ज्या ढगाला पायलट तीस किलोमीटर लांबून वळसा घालतो, त्याच ढगाखाली आपण बैल सोडून झाडाच्या आडोशाला उभे राहतो. हे बंद करा. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जा. विजेचा इशारा देणारे 'दामिनी' ॲप मोबाईलवर घेऊन ठेवा.

दुसरी गोष्ट हक्काची. विमानाकडे बोट दाखवून मदत मिळत नाही, मिळते ती आकड्यावर. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तरच अतिवृष्टी धरतात. दुष्काळ ठरवतानाही पावसाची तूट आणि खंड आकड्यांवरच मोजतात. तेव्हा सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींनी आपल्या मंडळाचे हवामान केंद्र एकदा डोळ्यांनी पाहून यावे. पर्जन्यमापकावर झाडाची फांदी आली आहे का, तो पालापाचोळ्याने तुंबला आहे का, चालू तरी आहे का? बिघाड दिसला तर फोटो आणि तारखेसह तहसीलला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. ग्रामपंचायतीने स्वतःचा साधा पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला वहीत नोंद केली, तर वेळप्रसंगी बोलायला आधार राहतो.

पायलट आभाळाकडे पाहतो तो आकडे हातात धरून. आपणही तसेच पाहायला शिकू या. पुढच्या वेळी पारावर विमानाचा विषय निघालाच, तर एवढेच विचारा, "काल आपल्या मंडळात पाऊस किती मिलिमीटर लिहिला?"