चिखलातली गाडी, दादरचा बाजार आणि डिझेलचा हिशेब



या पानावर मी नेहमी बेणे, लागणीचा हंगाम, खताचे हप्ते याबद्दल लिहितो. या खेपेला विषय जरा वेगळा आहे, पण शेवटी तो उसाच्या फडापर्यंतच येऊन पोहोचतो, म्हणून जागा घेतो आहे.

अलीकडे आपल्या कार्यक्षेत्रात पिकअप गाड्या पुष्कळ झाल्या. ही चांगली गोष्ट आहे. पण गाडी घेतल्यावर महिन्याभरात तिला मोठे चिखलाचे टायर, पाट्यांखाली ठोकळे घालून वाढविलेली उंची, पुढे लोखंडी गार्ड आणि टपावर दिव्यांची माळ चढू लागली आहे. विचारले तर उत्तर ठरलेले. "साहेब, पाणंदीत गाडी रुतते." आता रुतते हे खरेच. परंतु हा इलाज लागू पडतो का, आणि पडला तर कितीला पडतो, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

गेल्या पावसाळ्यात असा योग आला, की अशाच एका गाडीतून मला मुंबईस जावे लागले. आपल्या एका सभासदाने लागणीच्या उसात झेंडू केला होता. माल दादरच्या फुलबाजारात जायचा. लालबागला माझे चुलते असतात, त्यांना भेटायचे होते. म्हटले, चला, तुमच्याच गाडीत येतो. सभासद स्वतःच गाडी चालवणार होते.

पहिला धडा गावातच मिळाला. पाणंदीत गाडी रुतलीच! एक मागचे चाक चिखलात गरगर फिरायचे आणि दुसरे शांत उभे. यात टायरचा दोष नाही. साध्या डिफरन्शियलची रीतच अशी, की जे चाक सहज फिरते तिकडेच ताकद निघून जाते. चारही चाकांना जोर देणारी गाडी वेगळी आणि ही वेगळी. शिवाय पाट्या उचलल्या म्हणजे बॉडी वर जाते, पण डिफरन्शियलचा गोळा ॲक्सललाच असतो, तो तिथेच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरमुळे, आणि तेही टायरची उंची जितकी वाढली त्याच्या निम्मेच. शेवटी शेजारच्या फडातले पाचट आणि दोन फळ्या चाकाखाली घातल्या, तेव्हा गाडी निघाली.

दुसरा धडा खंडाळ्याच्या घाटात. ओला डांबरी रस्ता, मागे माल, आणि उंचावलेली गाडी वळणावर हेलकावे खायची. चिखलाच्या टायरला मोठमोठ्या गुठळ्या आणि मध्ये रुंद खाचा असतात. शेतात त्या माती पकडतात आणि झटकतात. डांबरावर मात्र रबर कमी टेकते, टायर गुणगुणतो, आणि ओल्या रस्त्यात ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते.

पहाटे चारला दादर आले. ज्यांनी तो बाजार पाहिला नसेल त्यांनी एकदा पाहावा. स्टेशनाजवळ अंधारातच झेंडू, शेवंती, गुलाबाचे ढीग लागलेले असतात आणि उजाडायच्या आत भाव फुटलेला असतो. हमाल आले, गाडीचा फाळका पाडला, आणि पहिल्याच बोचक्याला एकजण म्हणाला, "शेठ, गाडी कशापायी इतकी वर चढवली? खांदा पुरंना की!" एवढ्या रात्री डोळ्यांत तेल घालून आणलेला माल, आणि उतरवायला उशीर. फुलाच्या बाजारात उशीर म्हणजे भाव.

परतताना हिंदमातावरून आलो. दादर-परळकडचा हा भाग खोलगट असल्याने पाणी साचण्याबद्दल प्रसिद्ध. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या आहेत. आमचे सभासद म्हणाले, "बघा साहेब, इथं उंच गाडी कामाला येते." मी म्हटले, वर्षातून किती दिवस? ते हसले.

लालबागला तात्यांच्या चाळीत चहा झाला. तात्या गिरणीत साळखात्यात मिस्त्री होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते ऐन तिशीत होते, पुढे गिरणी सुटली ती सुटलीच. पण यंत्राची नजर तशीच आहे. खिडकीतून गाडी पाहून विचारले, "काय रे, मीटर खरं सांगतं का हिचं?" आम्ही दोघे गप्प. तेव्हा त्यांनी समजावले. "पट्ट्यावर चालणाऱ्या साच्याची पुली बदलली की चाल बदलायची. चाक म्हणजे शेवटची पुलीच. ती मोठी केली की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाणार, पण ओढ तेवढीच कमी होणार. आणि मीटर बिचारा नुसते फेरे मोजतो."

तिथेच वहीचे पान फाडून हिशेब मांडला. तो आपणही घरी करून पाहावा.

मूळ टायर २१५/७५ आर १५ मापाचा. त्याची उंची सुमारे ७० सेंटिमीटर. बसविलेला टायर ३१ इंची, म्हणजे सुमारे ७९ सेंटिमीटर. फरक जवळजवळ १२ टक्के. म्हणजे मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६७ ने चाललेली असते. मीटरवर ५३६ किलोमीटर पडले, तर खरी धाव ६०० झालेली असते.

सभासद म्हणत होते, गाडीचे ॲव्हरेज १३ वरून ९.८ वर आले. मीटर दुरुस्त करून पाहिले तर ते खरे ११ निघाले. म्हणजे त्यांना वाटत होते तेवढे नुकसान नव्हते. खोटे कशाला सांगा? पण जे होते तेही लहान नव्हते. आमच्या भागातून दादर जाऊन-येऊन ६०० किलोमीटर धरा. १३ च्या ॲव्हरेजने ४६ लिटर डिझेल लागते, ११ च्या ॲव्हरेजने साडेचोपन्न. फरक सुमारे ८.४ लिटर. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरला ९० रुपये धरले, तर एका खेपेला ७५० रुपयांच्या वर जातात. वर्षाला २५ खेपा केल्या तर जवळजवळ १९ हजार. आणि या ६०० किलोमीटरपैकी चिखलाची वाट किती? जाऊन-येऊन दीड किलोमीटर!

डिझेल जाते कुठे? जड टायर फिरवायला, त्यांच्या गुठळ्या रस्त्यावर दाबायला आणि वारा कापायला. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० चा वेग ८० केला की तो पावणेदोन पटीहून जास्त होतो. त्यात गाडी उंच आणि टपावर दिव्यांची माळ. शिवाय लोखंडी गार्डचे वजन पासिंगच्या वजनातच धरले जाते. जितके किलो लोखंड, तितकी कमी फुले.

तात्यांनी जुनी आठवणही काढली. लालबागहून माझगाव जवळच. तिथे १९४९ साली महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे ती जीप साखर कारखान्यांच्या आवारात आणि वडापच्या धंद्यात आली. १९७३ नंतर तेल महागले, तेव्हा पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसविण्याची लाट आली. गाडीत बदल तेव्हाही होत. पण तो बदल खिशाला चार पैसे वाचविण्यासाठी होता. आजचा बदल बहुधा फोटोसाठी आहे. हौसेला मोल नाही म्हणतात, पण पावती मात्र असते.

नंतर आम्ही गिरगावच्या अंगाला ऑपेरा हाउसजवळ गेलो. मोटारीच्या सुट्या भागांची जुनी दुकाने तिकडे आहेत. वाटेत एका वाडीच्या तोंडाशी गाडी वळविताना टायर मडगार्डला घासू लागला, तीनदा मागे-पुढे करावे लागले, आणि गिरगावकरांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. दुकानदाराने एकच वाक्य सांगितले, "मोठा टायर घेणारा माणूस पुढे बेअरिंग आणि बुशसाठी परत येतोच." सभासदांनी मूळ मापाचेच, पण जरा खोल नक्षीचे टायर घेतले.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या लोखंडी गार्डबद्दल तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास कळविले होते. धडकेचा मार गाडीच्या पुढच्या भागाने झेलायचा असतो. गार्ड तो थेट चासीपर्यंत पोहोचवतो, आणि समोर पादचारी असेल तर त्याची धडगत नाही.

मग रुतणाऱ्या गाडीला करायचे काय? माझ्या अनुभवाने सांगतो. टायर मूळ मापाचेच ठेवा, नक्षी चांगली ठेवा. रिकामी गाडी चिखलातून काढताना हवा थोडी कमी करा, टायर जास्त पसरतो. पण डांबरावर येताच पंपाने हवा पुरती भरा, नाहीतर टायर तापून फुटतो. दोन फळ्या, फावडे आणि दोर गाडीत कायम असू द्या. हमरस्त्यावर साठ-पासष्टच्या वर जाऊ नका.

आणि सर्वांत मोठा इलाज गाडीत नाही, वाटेत आहे. त्या पाणंदीवर अकरा खातेदारांचा ऊस आहे. एका गाडीच्या हौसेला गेला तेवढ्या पैशांत आणि अकरा जणांच्या दोन दिवसांच्या श्रमदानात, गटारी काढून मुरमाचे काम सुरू करता आले असते. त्या वाटेने एकट्याचा झेंडू जात नाही. तोडणीच्या टायरगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, सगळे त्याच वाटेने बाहेर पडते. तोडलेला ऊस वाटेअभावी फडात पडून राहिला तर वजन घटते, उतारा घटतो, आणि तोटा शेवटी आपल्या सर्वांच्या दरात येतो.

त्या सभासदांनी परतल्यावर गार्ड उतरविले, ठोकळे काढले आणि पाणंदीसाठी पहिली बैठक आपल्याच ओट्यावर घेतली. नऊ खातेदार तयार झाले. दोघांचे भावकीतल्या बांधावरून अडले आहे. मी दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा जाणार आहे. वाट रुंद झाली तर बांध कोणाच्या बाजूने सरकला हे पुढच्या पिढीला आठवणारही नाही. वाट नसली तर मात्र दरवर्षी आठवेल.

ज्यांच्या पाणंदीची अशीच अडचण आहे त्यांनी दसऱ्यापूर्वी गट ऑफिसात नाव नोंदवावे. शेत-पाणंद रस्त्यांसाठी शासनाची योजनाही आहे. ग्रामपंचायतीमार्फत प्रस्ताव करण्यास शेतकी खाते मदत करील. तोडणी सुरू झाल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी