पोकळ शाफ्ट खरंच गोल असतो का?

फ्रीमाँटमधून ८८० हायवेने जाताना टेस्लाचा लांबलचक कारखाना दिसतो. १९८४ ते २०१० या काळात तिथे जनरल मोटर्स आणि टोयोटा यांच्या भागीदारीतला ‘नुमी’ कारखाना होता. २०१२ मध्ये तिथून मॉडेल एस गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या गाडीच्या मोटरमधला फिरणारा शाफ्ट पोकळ होता आणि त्या पोकळीतून मोटर थंड ठेवणारा द्रव खेळवलेला होता.

पोकळ शाफ्ट कमजोर नाही का पडत? हिशोब करून पाहा. ५० मिमी व्यासाच्या भरीव शाफ्टला मधोमध ३० मिमीचं भोक असेल, तर वजन ३६ टक्क्यांनी घटतं, पण पीळ सोसण्याची ताकद फक्त १३ टक्क्यांनी कमी होते. पिळाचा बहुतेक भार बाहेरचे थर उचलतात. गाभ्याच्या वाट्याला फार थोडा येतो.

पण भोक ड्रिलने पाडलं, तर ते ३६ टक्के पोलाद चुरा होऊन जातं. म्हणून तापवलेलं पोलाद रोलमध्ये लाटून पोकळ करतात. ही पद्धत जर्मनीतल्या मानेसमान बंधूंनी १८८५ च्या सुमारास शोधली. अहिल्यानगर, बारामती किंवा रायगडमधल्या सुकेळीला बिनजोड नळ्या बनतात, त्यामागचं मूळ तत्त्व हेच.

दोन तळव्यांमध्ये वात वळतो, तसं हे काम चालतं. दोन तिरके रोल एकाच दिशेने फिरतात; त्यांच्यामधला लालबुंद गज उलट दिशेने फिरत पुढे सरकतो. वरून-खालून दाबलेला गज आडवा ताणला जातो. गज फिरत असल्यामुळे या ताणाची दिशा सारखी बदलते आणि गाभा सैल पडतो. तिथेच समोरून एक टोकदार दांडी घुसते आणि भोक तयार होतं.

आता अडचण आकाराची. गज एका बाजूने जास्त तापला असेल, तर ती बाजू मऊ पडून जास्त दबते आणि भोक मध्यापासून सरकतं. वरच्या उदाहरणात ते फक्त ०.२ मिमी सरकलं, तर शाफ्टचा वस्तुमानमध्य सुमारे ०.११ मिमी सरकतो. असा ३० सेंटिमीटर लांबीचा, ३ किलोचा शाफ्ट मिनिटाला १२,००० फेरे घेऊ लागला, की बेअरिंगवर साधारण ५४ किलो वजनाएवढा झटका बसतो. तोही सेकंदाला २०० वेळा फिरत! गाडीचा आवाज, बेअरिंगचं आयुष्य, सगळं त्या ०.२ मिमीवर टांगलेलं असतं.

दुसरी अडचण गोलाईची. पोकळ नळी पुन्हा दोनच रोलमध्ये दाबली, तर ती बांगडीसारखी चेपून लंबगोल होते. उपाय दोन: आत आधाराला दांडी ठेवायची, किंवा १२० अंशांवर तीन रोल लावायचे. पण भिंत पातळ असेल आणि नळी दर फेऱ्याला फार पुढे सरकत असेल, तर तीन रोलमध्ये ती किंचित तिकोनी होते, विशेषतः टोकाशी.

गंमत म्हणजे मायक्रोमीटरला हे कळतच नाही! तीन फुगवट्यांच्या आकारात एका फुगवट्यासमोर नेमकी चपटी बाजू येते, त्यामुळे कुठेही मोजा, व्यास जवळपास सारखाच भरतो. म्हणून अशी नळी ‘व्ही’ आकाराच्या ठोकळ्यावर फिरवून वर डायल लावतात आणि काटा किती हलतो ते पाहतात. भिंतीची जाडी अल्ट्रासाउंडने सगळीकडून तपासतात.

त्यानंतरच लेथवरचं काम, आणि तेही भोकाचा मध्य धरून. बाहेरून ग्राइंडिंग करून चकचकीत गोल केलेल्या शाफ्टच्या आत सरकलेलं भोक तसंच राहू शकतं. शेवटी बॅलन्सिंग करताना जड बाजूचा थोडा धातू काढून तोल साधता येतो, पण भिंतीची पातळ बाजू त्याने जाड होत नाही. ती चूक रोलिंगच्या वेळीच टाळावी लागते.