‘हर्बल व्हेप’ : धूमपान, बाष्प आणि २०१९ चा कायदा

‘यात निकोटिन मुळीच नाही, केवळ तुळस व ज्येष्ठमध आहे, मग दुकानात ठेवण्यास हरकत कोणती?’ हा प्रश्न औषधविक्रेते बंधू अलीकडे वारंवार विचारू लागले आहेत. बंदी निकोटिनवर आहे, असा समज त्यामागे असतो. तो समज चुकीचा आहे आणि व्यवसायाच्या दृष्टीने महागात पडणारा आहे.

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर बंदी घातली व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. या कायद्यातील व्याख्या लक्षपूर्वक वाचावी. एखादा पदार्थ तापवून श्वासावाटे घेण्याजोगे बाष्प निर्माण करणारे विद्युत उपकरण म्हणजे ई-सिगारेट; मग त्या पदार्थात निकोटिन वा स्वाद असो अथवा नसो. ‘पदार्थ’ या शब्दात नैसर्गिक द्रव्यांचाही स्पष्ट समावेश आहे. म्हणजे तुळस सुटत नाही. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण व जाहिरात या सर्वांस मनाई असून पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड आहे. नुसता साठा करण्यासही सहा महिन्यांपर्यंत कारावास वा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये परवानाप्राप्त उत्पादने या व्याख्येतून वगळली आहेत. हीच पळवाट काही विक्रेते पुढे करतात. तथापि चूर्णाला वा तैलाला मिळालेला परवाना ते तापवणाऱ्या यंत्राला आपोआप लागू होतो असे मानणे, माझ्या मते, धाडसाचे आहे. परवान्यावर नेमके काय लिहिले आहे ते पाहिल्याखेरीज असा माल उतरवून घेऊ नये.

आता दुसरा युक्तिवाद, जो आपल्याच शास्त्राचा आधार घेतो : ‘चरकांनी धूमपान सांगितलेच आहे ना?’ सांगितले आहे, परंतु कसे? सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक असे भेद, सेवनाचे आठ काळ, अपात्र व्यक्ती, इतकेच नव्हे तर नेत्राची लांबीही दिली आहे. ती वैरेचनासाठी चोवीस, स्नेहनासाठी बत्तीस व प्रायोगिकासाठी छत्तीस अंगुळे आहे. धूर दुरून, पर्वांतून अडत येऊन सौम्य व्हावा, हा त्यामागील हेतू. अकाली वा अतिमात्र धूमाने बाधिर्य, आंध्य, रक्तपित्त, शिरोभ्रम होतात, असा इशाराही तेथेच आहे. खिशात ठेवून दिवसभर ओढावयाच्या नळीशी या विधीचे नाते केवळ नावापुरते आहे. शिवाय तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. संहितांतील धूम तो नव्हे.

मुखावाटे निरुपद्रवी असणारे द्रव्य फुप्फुसात तसेच राहील, हे गृहीतकही तपासण्याजोगे आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुप्फुसांना इजा होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण व ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यातील बहुतेकांनी गांजातील टीएचसी हे द्रव्य असलेली उत्पादने ओढली होती, आणि संशयाची सुई प्रामुख्याने स्थिरावली ती त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर. हेच द्रव्य गोळ्यांत व त्वचेच्या मलमांत सर्रास वापरले जाते. मार्ग बदलला की द्रव्याचे कर्म बदलते, हे वैद्याला निराळे सांगावयास नको.

या उपकरणाचा आधुनिक अवतार चीनमधील होन लिक या औषधनिर्मात्याने २००३ च्या सुमारास घडवला. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘जूल’ने निकोटिनला बेंझोइक आम्लाची जोड दिली. आपल्या औषधनिर्मात्यांना परिरक्षक म्हणून परिचित असलेले हेच आम्ल. त्यामुळे घशाची जळजळ कमी झाली, अधिक मात्रा सहज ओढता येऊ लागली आणि किशोरवयीन मुले झपाट्याने ओढली गेली. ब्रिटनमध्ये, जेथे धूम्रपान सोडविण्यासाठी ही साधने स्वीकारली गेली, तेथेही एकदाच वापरून टाकण्याच्या व्हेपच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून बंदी आली. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून विक्री केवळ औषधालयांपुरती ठेवली.

‘सिगारेटपेक्षा बरी’ हा तेथील वाद महाराष्ट्रात फारसा लागू पडत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते. ओढणारे अवघे ३.८ टक्के. मिश्री लावणाऱ्या आजीबाईला वा मळलेली चिमूट गालात धरणाऱ्या शेतकऱ्याला या यंत्राचा काय उपयोग?

रुग्णपरीक्षणात मात्र भर घालावी. तरुण रुग्णाला कास, श्वास वा हृद्द्रव असल्यास ‘सिगारेट ओढता का?’ एवढ्यावर थांबू नये. व्हेप वापरणारा त्याला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. पेन वा पेनड्राइव्हसारखे साधन, फळांच्या स्वादाचे बाष्प, असे नाव घेऊन, पालकांना बाहेर बसवून विचारावे. कायद्यातील शिक्षा व्यापार व साठ्यासाठी आहेत, सेवनासाठी स्वतंत्र शिक्षा नाही, हेही त्याला सांगावे. मग तो बोलतो.