दवाखान्याची वेळ, कामाची वेळ : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोकरदाराला आणि मजुराला डॉक्टरांची वेळ मिळत नाही याचे पहिले कारण अगदी साधे आहे. दवाखाना उघडा असतो तेव्हा माणूस कामावर असतो, आणि तो सुटतो तेव्हा नंबर संपलेले असतात. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात त्यात अंतराची भर पडते. 17,048 चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. तालुके चौदा. अकोले तालुक्यातून नगरचे जिल्हा रुग्णालय गाठायचे तर शंभराहून अधिक किलोमीटर जावे लागते. नागापूर आणि सुप्याच्या एमआयडीसीतल्या पाळ्या, साखर कारखान्यांचा हंगाम, सकाळ-संध्याकाळचे दूध संकलन आणि कांद्याचे लिलाव यांपैकी कशाचेच वेळापत्रक ओपीडीशी जुळत नाही. या अडचणीभोवती काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. त्यांतल्या काही रुग्णाला दोष देतात, काही सरकारी दवाखान्याला, आणि काहींमुळे हक्काचे पैसे पदरात पडत नाहीत.

«मनात असेल तर वेळ निघतोच, बाकी सगळी निमित्ते.»

हे म्हणणे बहुधा महिन्याचा पगार ठरलेल्या माणसाचे असते. रोजंदारीवरच्या माणसाला डॉक्टरांची फी हा खर्चाचा एक भाग झाला. बुडालेला रोज, एसटीचे भाडे आणि सोबत आलेल्या माणसाचाही बुडालेला रोज धरला, तर तपासणीपेक्षा तिथवर पोचणेच महाग पडते. पाथर्डी-शेवगावकडून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून निघणाऱ्या ऊसतोड कामगारांत हा हिशेब सर्वांत उघडा दिसतो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती टनावर फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि वाहते. एक जण आजारी पडला तरी दोघांचे काम अडते. तोडलेला ऊस वाळला की उतारा घटतो, म्हणून गाडी रात्री-अपरात्री आली तरी भरून द्यावीच लागते. एक दिवस चुकला की तो खाडा, आणि खाड्याचा दंड मुकादम हिशेबातून कापतो. म्हणून ताप अंगावर काढला जातो, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पडून राहणेही परवडत नाही.

याचे टोक बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण 2019 मध्ये चर्चेत आले, आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. महिन्याच्या महिन्याला होणारा त्रास आणि त्यापायी पडणारे खाडे यांपेक्षा एकदाच ऑपरेशन बरे, असा सल्ला ज्यांना पटला त्या स्त्रियांना बेफिकीर म्हणता येणार नाही. त्यांनी उपचारच निवडला होता. फक्त तो कामाच्या सोयीने निवडलेला होता.

«नंबर लागला म्हणजे वेळ मिळाली.»

तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात मिळतो तो नंबर. घड्याळातली वेळ क्वचितच मिळते. सकाळी कंपाउंडर वही उघडतो, नावे क्रमाने लिहितो, फोनवरून आलेली नावे मध्येच बसवतो. नऊची ओपीडी असली तरी डॉक्टर वॉर्डातला राउंड आटोपून, कधी सिझेरियन उरकून साडेदहाला खुर्चीत बसतात. तोवर बाविसावा नंबर म्हणजे दुपारचे बारा की अडीच, हे कंपाउंडरलाही सांगता येत नाही. हा ढिसाळपणा वाटतो आणि काही ठिकाणी तो असतोही. पण एकच डॉक्टर आंतररुग्ण, शस्त्रक्रिया आणि ओपीडी सांभाळत असेल, तर घड्याळ पाळणे कठीणच जाते. हृदयरोग, मेंदूविकार अशा विषयांचे तज्ज्ञ अनेक तालुक्यांत ठरलेल्या वारी नगर, नाशिक किंवा पुण्याहून येतात. त्या दिवशीचा खोळंबा तर ठरलेलाच. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसे बाजार आणि दवाखाना एकाच फेरीत उरकतात, म्हणून गर्दी दुप्पट होते. रजा हाती एकच असेल तर ती बाजाराच्या दिवशी दवाखान्यासाठी खर्च करू नये.

सरकारी रुग्णालयांत आता भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून आभा या डिजिटल आरोग्य खात्यातून नोंदणी करता येते आणि टोकन मिळते. त्याने केसपेपरच्या खिडकीपुढची रांग वाचते. डॉक्टरांच्या दारापुढची रांग तशीच राहते. ही दोन वेगळी गणिते आहेत, आणि मोबाइलवर टोकन आले म्हणून बेतशीर वेळेला पोचणाऱ्याची निराशा होते ती इथेच.

«सरकारी दवाखाना दुपारी बंद, आणि आपल्या गावच्याच केंद्रात जावे लागते.»

जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांची मुख्य ओपीडी सकाळची असते, हे खरे. पण अपघात विभाग आणि प्रसूती यांना वेळेचे बंधन नाही, रविवारचेही नाही. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना ही योजना 1 मे 2023 पासून मुंबईबाहेर राज्यभर सुरू झाली. तिची वेळच दुपारी 2 ते रात्री 10 अशी ठरवली गेली, ती दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी. पहिल्या पाळीचा कामगार तीनला सुटला तरी त्याच्या हाती संध्याकाळ उरते. जवळचा आपला दवाखाना प्रत्यक्ष कोणत्या वेळी चालतो, हे एकदा जाऊन पाहून घेतलेले बरे.

खर्चाचाही गैरसमज आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सर्व सेवा निःशुल्क आहेत. आणि ओपीडीत तपासून घ्यायला त्याच गावचे असावे लागत नाही. नेवाशाच्या फडावर आलेला कोयता जवळच्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊ शकतो.

«ईएसआय म्हणजे पगारातून नुसतीच कपात.»

एमआयडीसीतल्या कामगारांत हा समज फार आहे, आणि तो सर्वांत महागात पडतो. ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा योजना, 1948 च्या कायद्याने आली. महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ती लागू आहे. जुलै 2019 पासून कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. 15,000 रुपये वेतन धरले तर कामगाराचे सुमारे 113 रुपये आणि मालकाचे सुमारे 488. म्हणजे कपातीच्या चौपटीहून अधिक रक्कम मालकाकडून जाते, आणि त्या बदल्यात कामगाराला व कुटुंबाला वैद्यकीय सेवा मिळते. विमा दवाखाना जवळ नसेल तिथे योजनेने नेमलेले खासगी डॉक्टर असतात. त्यांच्या संध्याकाळच्या वेळा पाळीवाल्याला सोयीच्या पडतात. आपल्या नावाला कोणता दवाखाना किंवा डॉक्टर जोडला आहे हेच अनेकांना ठाऊक नसते, कारण कार्ड भरतीच्या वेळी कंत्राटदाराकडे राहिलेले असते.

कंत्राटी कामगारांना ही योजना नाही, असेही सर्रास ऐकू येते. ते चूक आहे. वर्गणी कंत्राटदाराने भरली नाही तर मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. नवीन लागलेल्या कामगाराला काही मिळत नाही, हे अर्धेच खरे. वैद्यकीय सेवा पहिल्या दिवसापासून मिळते. रोख आजारपण भत्त्यासाठी मात्र थांबावे लागते, कारण आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पगार 21,000 च्या वर गेला की दुसऱ्या दिवशी विमा तुटतो, हाही गैरसमज आहे. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च हा चालू वर्गणी काळ संपेपर्यंत कामगार योजनेत राहतो.

आता या योजनेची तोकडी बाजू. आजारपणाचा भत्ता वेतनाच्या सुमारे 70 टक्के असतो आणि वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळतो. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात सहसा धरले जात नाहीत. 500 रुपये रोजाच्या कामगाराने टायफॉइडने दहा दिवस अंथरूण धरले तर आठ दिवसांचे प्रत्येकी 350 रुपये मिळतात. तोच कामगार रक्तदाब तपासायला एक दिवस गेला तर काहीच मिळत नाही. आजार वाढल्यावर योजना उभी राहते, तो वेळीच दाखवायला गेलेल्याच्या दिवसाची किंमत ती मोजत नाही.

«कायद्याने आजारपणाची रजा सगळ्यांनाच आहे.»

कारखान्यातल्या कामगाराला कायदा काम केलेल्या दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा देतो. आजारपणासाठी वेगळी रजा त्यात नाही. ती मिळते ती युनियनच्या कराराने किंवा कंपनीच्या नियमाने. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 पगारी किरकोळ रजा आहेत, पण त्या ठरावीक संख्येहून जास्त माणसे कामाला असलेल्या ठिकाणी. नगरच्या कापडबाजारातले तीन-चार माणसांवर चालणारे दुकान त्यात बसत नाही. तिथे रजा म्हणजे शेटची मर्जी.

«आयुष्मान कार्ड आहे, तपासणी फुकट होईल.»

आयुष्मान भारत आणि महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना यांचे पाच लाखांचे संरक्षण दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. खासगी ओपीडीतली फी, साधी गोळी-औषधे किंवा नुसती सोनोग्राफी त्यात बसत नाही. कार्ड दाखवून परत पाठवल्यावर कर्मचाऱ्यांशी वाद घालण्यात अर्धा दिवस जातो, तो टाळता येतो.

«रक्त तपासायचे तर उपाशीपोटी सकाळीच.»

उपाशीपोटीची साखर मोजायची तर आठ तास पोट रिकामे हवे. पण गेल्या सुमारे तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी ही तपासणी कोणत्याही वेळी, जेवल्यावरही होते. हिमोग्लोबिन, थायरॉइड यांनाही उपास लागत नाही. दुसऱ्या पाळीला निघण्याआधी किंवा पहिली सुटल्यावर रक्त देता येते. कोणती तपासणी उपाशीपोटी हवी, एवढे लॅबमध्ये आधी विचारले की एक रजा वाचते.

«फोनवरचा डॉक्टर खरा नव्हे, त्याच्या चिठ्ठीवर औषध मिळत नाही.»

25 मार्च 2020 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी नोंदणीकृत डॉक्टरांच्या दूरस्थ सल्ल्याला आणि चिठ्ठीला मान्यता दिली. गुंगीची आणि काही मनोविकारांची औषधे तिच्यावर मिळत नाहीत, बाकीची मिळतात. ई-संजीवनी ही सरकारी सेवा मोफत आहे. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासमोर बसून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी तिच्यातून बोलता येते. पोट दाबून पाहणे किंवा छातीला स्टेथोस्कोप लावणे फोनवर होत नाही, म्हणून नव्या आणि तीव्र दुखण्याला ती पुरत नाही. जुन्या रक्तदाबाचे रिपोर्ट दाखवून गोळी चालू ठेवायची असेल, तर मात्र तिच्याइतकी सोयीची वाट दुसरी नाही. याच गोळीसाठी माणसे दर महिन्याला रोज बुडवतात, किंवा तो वाचवायला थेट मेडिकलवाल्याकडून जुनी स्ट्रिप दाखवून घेतात. डोस बदलायला हवा होता, हे मग वर्षभराने कळते.

«प्रत्येक दुखण्याला डॉक्टरच लागतो.»

हा समज खोडून काढण्याचे काम याच जिल्ह्यात झाले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी भागातली माणसे मजुरी सोडून दवाखान्यात येणार नाहीत, हे त्यांनी गृहीतच धरले. गावाने निवडलेल्या स्त्रियांना त्यांनी शिकवले. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. गरोदर बाई तपासणे, जुलाबाला साखर-मिठाचे पाणी देणे, मुलाचे वजन पाहणे आणि कोणता रुग्ण जामखेडला पाठवायचा ते ओळखणे ही कामे त्या गावातच करू लागल्या, तीही लोक शेतावरून परतल्यावर. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे 2005 मध्ये देशभर आशा कार्यकर्त्या आल्या, त्यामागच्या अनुभवांत जामखेडचाही वाटा होता.

आज आशाताई घरी येते, उपकेंद्रात तिशीपुढच्या सर्वांचा रक्तदाब आणि साखर तपासली जाते. यांपैकी कशालाही तालुक्याची फेरी लागत नाही. ओपीडीतल्या गर्दीचा मोठा भाग अशाच दुखण्यांचा असतो. ती गावात मिटली तर तज्ज्ञापर्यंत जाणे खरोखर गरजेचे असलेल्याला नंबर लवकर मिळतो.

काही दुखणी मात्र ना नंबराची वाट पाहतात, ना पाळी सुटण्याची. छातीत दाब येऊन घाम फुटला, तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, गरोदर बाईला रक्तस्राव सुरू झाला किंवा ऊस तोडताना साप चावला, तर मुकादमाला, सुपरवायझरला नंतर सांगावे आणि आधी 108 फिरवावा. ही रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून चालते, चोवीस तास येते, तिच्यात डॉक्टर असतो आणि तिला पैसे पडत नाहीत.